पहिला कुर्ता स्वतःसाठी

बाळंतपणासाठी माहेरी, इचलकरंजीला आले तेव्हा घरात शिवणाची धामधूम आधीच सुरू होती. आईने आपल्या जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी करून ठेवली होती. आत्याने झबली, कुंच्या आणि टोपडी पाठवली होती, मावशीची गोधडी अर्ध्यावर आली होती. लेकीला काही म्हणजे काही कमी नव्हतं. मला मात्र अंगावर घालायला धड कपडा नव्हता. जुने कुर्ते छातीत बसेनात, पाजायचं म्हणजे ते कमरेपासून वर ओढावे लागत, आणि पोटावरच्या सिझरच्या टाक्यांना गार वारा लागे. दुकानात मिळणारे पाजण्याचे कुर्ते बघितले. बहुतेक सिंथेटिक कापडाचे, पाजायला सोय आहे पण घामाला नाही. मी कॉलेजपासून स्वतःचे कपडे स्वतः शिवत आले आहे, त्यामुळे शिवता येईल का हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो वेळेचा.

पूर्वी मी शनिवारी जेवण झालं की मशीनवर बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. तसा सलग वेळ आता पुढचे कित्येक महिने मिळणार नाही, हे पहिल्या पंधरवड्यातच कळलं. तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं यातून मधे जे उरतं ते अर्धा-पाऊण तास, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून मी घड्याळ बाजूला ठेवलं आणि कामच वेगळ्या तऱ्हेने वाटून घेतलं: कुठलं काम हातातून कधीही खाली ठेवता येतं आणि कुठलं नाही. मापं लिहिणं, कागदावर आखणी, सरळ शिलाया, इस्त्री, तुरपाई ही कामं रडण्याचा आवाज आला की जागच्या जागी सोडता येतात. कापड कापणं आणि चेन लावणं मात्र सोडता येत नाही. अंथरलेल्या कापडाची घडी एकदा सरकली की दोन पल्ले सारखे येत नाहीत.

दिवसातला एकच वेळ खात्रीचा होता. सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या. तेल लावणं, आंघोळ, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून पाजणं, आणि त्यानंतर लेकीची सगळ्यात लांब झोप. सगळ्यांचं म्हणणं, तेव्हा तूही झोप. ते बरोबरच आहे आणि बहुतेक दिवस मी झोपलेच. ओल्या बाळंतिणीची झोप कुठल्याही कुर्त्यापेक्षा मोठी, याबद्दल माझं दुमत नाही. रात्र बरी गेलेली असेल तेव्हाच तो वेळ कापडासाठी घेतला.

तो वेळ मागून घ्यावा लागला, हेही सांगायला हवं. मी कात्री काढलेली बघून आई म्हणाली, “अगं, कापड काढलंच आहेस तर तिची आणखी दोन झबली शिव की.” मी म्हटलं, “झबली पुष्कळ आहेत, आई. हे माझ्यासाठी आहे.” आई क्षणभर थांबली. मग लेकीला उचलून घेत म्हणाली, “मग पलंगावर काप. खाली वाकायचं नाही तुला अजून.” त्यानंतर तिने मला एकदाही विचारलं नाही की हे आत्ताच कशाला. उलट शेजारच्या काकू आल्या की तीच त्यांना सांगायची, “ती जरा तिचं काम करतेय.” बाळासाठी काही करत असलं की कोणीही मूल धरायला तयार असतं. स्वतःसाठी करायचं असेल तर तसं स्पष्ट बोलावं लागतं, आणि बोललं तर बरीच माणसं ऐकतात.

कापड होतं इचलकरंजीचंच, कॅम्ब्रिक म्हणजे बारीक विणीचं सुती, ४४ इंच पन्ह्याचं, अडीच मीटर. नवरा भेटायला आला तेव्हा ते रात्रभर पाण्यात भिजवणं, सावलीत वाळवणं आणि इस्त्री हे त्याने केलं. सुती कापड आटतं, आणि रोज धुतला जाणार असा कुर्ता तर आधी पाण्यातून काढलेल्या कापडाचाच शिवावा.

मापांना मी सगळ्यात जास्त वेळ दिला. वहीतली जुनी मापं बघितलीच नाहीत, सगळी नव्याने घेतली. दूध पाजायच्या आधी आणि नंतर छातीचं माप घेतलं तर इंचभर फरक पडतो. मोठं माप धरलं आणि वर तीन इंच लूज ठेवला. कंबरेला फिटिंग दिलंच नाही, कारण पोट अजून आत जात होतं. खाली सरळ घेर सोडला. दोन्ही बाजूच्या शिलायांना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, ठेवली, म्हणजे पुढे सैल करायची वेळ आली तर करता येईल. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, मात्र नेहमीपेक्षा अर्धा इंच खोल घेतला. मूल कडेवर धरताना काखेत कापड रुततं, ते त्याने थांबलं.

पाजायची सोय प्रिन्सेस कटमध्ये केली. खांद्यापासून खाली येणाऱ्या दोन उभ्या शिलायांमध्ये खांद्याखाली चार इंचांवर सुरू होणारी बारा इंची कन्सील चेन. बाहेरून नुसती शिलाई दिसते. चेन नायलॉनचीच हवी, धातूची गालाला टोचते. तिची दोन्ही टोकं त्याच कापडाच्या तुकड्यात बांधून घेतली आणि आतून दोन बोटं रुंदीची पट्टी लावली, त्यामुळे चेन ना माझ्या अंगाला लागत ना तिच्या. रनरला कापडाची छोटी नाडी ओवली. डाव्या हातावर बाळ आणि उजव्या हाताने अंधारात चेन उघडायची असते, तेव्हा त्या नाडीचा फार उपयोग होतो. या दोन चेन लावायला मी मालिशच्या वेळेचीच वाट पाहिली. एक एका दिवशी, दुसरी नंतर कधीतरी.

मशीन आईचं, जुनं पायमशीन. पायडल मारायला डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतर हो म्हटलं, तोवर कागदाचंच काम केलं. मशीनच्या आवाजाने लेक उठेल अशी मला धास्ती होती. पण १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला त्या गावात ती जन्मली आहे. आमच्या गल्लीत मागांची खडखड पोटात असल्यापासून तिच्या कानावर होती. मशीन सुरू झालं तरी ती हलायचीसुद्धा नाही. उलट माग बंद असले की चुळबुळ करायची.

टाचण्या मी घरातून काढूनच टाकल्या. त्याऐवजी कपड्यांचे छोटे चिमटे लावले, खाली पडले तरी दिसतात. हातशिलाईची एकच सुई ठेवली, ती झाकणाच्या डबीत. काम थांबलं की आधी सुई डबीत आणि मगच रडणाऱ्या बाळाकडे, हा नियम कधीही मोडला नाही. मांडीवर मूल असताना तुरपाई केली नाही, ते कितीही गाढ झोपलेलं असो.

पुण्याला परत आल्यावर सगळं गणित बदललं. फ्लॅट शांत, मशीन मोटरचं, त्यामुळे इथे आवाजाने ती लगेच उठते. म्हणून झोपेच्या वेळात आखणी, इस्त्री आणि तुरपाई ठेवली, आणि मशीनचं काम संध्याकाळी नवरा तिला फिरायला नेतो तेव्हा. मशीन कायम उघडं, दोरा ओवलेलं, बॉबिन भरलेली. ते रोज काढून मांडायचं म्हटलं तर त्यातच दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात मंडळी परत येतात. घरात जागा कमी असली तरी मशीनचा कोपरा मी सोडला नाही. जेवणाचं टेबल सरकवलं.

कामावर परत जायची तारीख समोर आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात. कंपनीच्या पाळणाघरात जाऊन पाजायचं असो की पंपाने दूध काढायचं असो, त्या थोडक्या वेळात अंगावरच्या कपड्याशी झटापट नको. म्हणून दुसरा कुर्ता गडद निळा घेतला आहे, दुधाचा डाग दिसत नाही असा, आणि त्याच्या आतल्या पट्टीला मलमलचं दुहेरी अस्तर देणार आहे. त्याचे कागद पहिल्याचेच चालले, फक्त बाजूंना अर्धा इंच आत घेतला. कापून झाला आहे, चेन बाकी आहेत. खाली सलवार शिवणार, नाडीची. कंबर अजून ठरत नाही, तोवर पँटच्या फंदात पडणार नाही.