बोर्डावर माझं नाव होतं

आमच्या कंपनीत वॉटर कूलरच्या बाजूला एक निळा बोर्ड लागलेला आहे. सहा वर्षं झाली, मी रोज त्याच्यासमोर उभी राहून बाटली भरते, आणि तो बोर्ड मी कधी पूर्ण वाचला नव्हता. मागच्या वर्षी दिवाळीनंतर पॅकिंगमधली एक पोरगी, असेल एकवीस-बावीसची, दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ आली न म्हणाली, "ताई, तुमचं नाव आहे न त्या बोर्डावर? मग तुम्हालाच सांगू न?"

मी अकाउंट्समध्ये आहे. मला वाटलं पगाराचं काही असेल.

ती मला कूलरजवळ घेऊन गेली. वर लिहिलं होतं अंतर्गत तक्रार समिती, म्हणजे कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर तिची तक्रार ऐकणारी कंपनीतली समिती, आणि खाली पाच नावं. अध्यक्ष म्हणून ज्या मॅडम होत्या त्या दोन वर्षांआधीच नोकरी सोडून पुण्याला गेल्या, चौथं नाव ज्यांचं त्यांची बदली झालेली, बाहेरच्या सदस्याच्या नंबरवर फोन लावला तर तो नंबरच बंद. आणि तिसरं नाव माझं. मला कोणी विचारलं नव्हतं, कधी पत्र दिलं नव्हतं.

एचआरमध्ये गेले तर म्हणाले, मॅडम फाईल पूर्ण लागते न, म्हणून टाकलं होतं. त्याच फाईलमध्ये ट्रेनिंगचा पण कागद होता, त्याच्यावर माझी सही. ती सही मी केली होती आठ मार्चला, महिला दिनाच्या कार्यक्रमात, गुलाबाचं फूल न पेन घेताना. तो कागद बघून मला खूप वेळ काही बोलताच आलं नाही.

पोरीची गोष्ट मी इथं पूर्ण नाही सांगणार, ती तिची आहे. एवढंच की लाईनवरचा सुपरवायझर रात्री-बेरात्री मेसेज करायचा, उत्तर नाही दिलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचा, आणि मग एकदा गोदामात हात धरला. पहिला मेसेज राखीच्या आसपासचा. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तीन महिने झाले की तक्रार होत नाही, म्हणून ती घाबरून आली होती. मी त्या रात्री कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मोबाईलवर उघडून बसले, पोरांना झोपवून, आणि अडीच वाजेपर्यंत वाचत होते. त्रास सारखा चालू असेल तर ते तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रार लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे पण समितीचंच काम. म्हणजे माझं.

दुसऱ्या दिवशी एचआरनी सगळ्यात आधी मला काय सांगितलं असेल तर, ती आपली एम्प्लॉयी नाही, ठेकेदाराची आहे. कायद्यात हे सरळ सरळ लिहून ठेवलं आहे की ठेकेदारामार्फत लागलेली, रोजंदारीवरची, ट्रेनी, सगळ्या कर्मचारीच. मी ते पान दाखवलं. मग म्हणाले, तिला सांगा खोटी तक्रार केली तर कारवाई होते. हे कलम बरोबर सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच कलमात पुढं लिहिलं आहे की नुसतं सिद्ध करता नाही आलं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, ते काहून कोणी सांगत नाही?

हा कायदा ज्या बाईमुळं आला तिची आठवण मला त्या दिवसांत सारखी यायची. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी, सरकारी योजनेत साथीन, म्हणजे गावातल्या बायांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, बालविवाह अडवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि १९९५ मध्ये खालच्या कोर्टानी आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. त्यांच्या प्रकरणावरून विशाखा गाईडलाईन्स, म्हणजे असा छळ थांबवायचे सुप्रीम कोर्टाचे नियम, आल्या १९९७ मध्ये. त्याचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. सोळा वर्षं! आणि २०२३ मध्ये, मग पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाला सगळ्यांना सांगावं लागलं की बाबांनो कमिट्या नेमा. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, घरकाम करणाऱ्या बायांसाठी पण तीच. मी आमच्या नागपुरात सीताबर्डीवर कपड्याच्या दुकानांत काम करणाऱ्या चार जणींना सहज विचारलं, आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकूंना पण. पाचातल्या एकीनंही हे नाव ऐकलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "आमच्यासाठी पण आहे का वं?"

समिती नव्यानं करायला लावली. नाही केली तर पन्नास हजार दंड होतो हे सांगितल्यावर तीन दिवसांत झाली. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं, ते सगळं मीच झेरॉक्स करून आणलं कारण ऑफिसच्या मशीनवर तिला करायचं नव्हतं. चौकशीला नव्वद दिवस.

आता नव्वद दिवस कागदावर कमीच वाटतात. पण नवव्याच दिवशी तिला सेकंड शिफ्टला टाकलं, "तिच्याच सेफ्टीसाठी". चौकशी चालू असताना बदली मागायचा हक्क तिचा आहे, तिनं लेखी मागितली तर, आणि तिला नको असेल तर त्याची बदली पण मागता येते. तिनं काही मागितलंच नव्हतं. सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटते, हिंगणा एमआयडीसीत तेव्हा ऑटो पण धड मिळत नाही, लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत यायचं कसं न तिथून वाडीच्या पुढं जायचं कसं. घरी कारण सांगता येत नव्हतं. भाऊ रोज घ्यायला यायचा न रोज विचारायचा की शिफ्ट काहून बदलली. मी समितीत हा विषय लेखी मांडला, पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले, पुढची मीटिंग अठरा दिवसांनी. तोपर्यंत ठेकेदारानी तिला सांगून टाकलं होतं की पुढच्या महिन्यापासून माणसं कमी करतो आहे.

रिपोर्ट वेळेत आला, चौऱ्याऐंशीव्या दिवशी. आरोप सिद्ध. त्याला लेखी ताकीद, एक इन्क्रिमेंट बंद. कागदावर सगळं बरोबर आहे, एक तारीख चुकलेली नाही. पण ती तेव्हा कंपनीत नव्हतीच, रिपोर्टची प्रत मी तिला वाडीला नेऊन दिली. तिनं ती घडी करून पर्समध्ये टाकली न मला चहा पाजला.

तो अजून लाईनवर आहे. सकाळी गुड मॉर्निंग मॅडम म्हणतो, मी उत्तर देत नाही.

बोर्ड मी बदलून घेतला, आता नंबर चालू आहेत, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतः लावून बघते. पॅकिंगमधल्या दोघी-तिघी मध्ये येऊन गेल्या, नुसतं विचारायला, तक्रार काही दिली नाही. त्यांनी हिचं काय झालं ते पाहिलेलं आहे, त्यांना मी काय म्हणणार.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बुटीबोरीकडे एका ठिकाणी नोकरी लागते आहे, परत ठेकेदाराचीच. विचारत होती, "ताई, कमिटी आहे का म्हणून पहिल्याच दिवशी विचारू, की नको? लावतील न मला कामावर?"

मी म्हटलं, आधी बोर्ड शोध, फोटो काढ, मला पाठव, नंबर मी लावून बघते. विचारू नको अजून.

असं सांगायला नको होतं का, ते मला अजूनही कळत नाही आहे.