आमची वाटचाल : घाणेरीच्या रानातून पवन्याच्या कुरणाकडे

मुळशी, भोर, वेल्हे (आता राजगड) आणि मावळ या तालुक्यांतील खाजगी डोंगरउतार, देवरायांच्या कडा आणि जुनी गवताळ माळराने येथील घाणेरी, रानमोडी, कॉसमॉस यांसारखी परकी तणे काढायची आणि त्या जागी इथले गवत व इथली झुडपे पुन्हा उभी राहीपर्यंत जमिनीची राखण करायची, एवढेच काम आमचा छोटा व्यवसाय आजवर करत आला आहे. लॉन, शोभेची बाग, कुंपणाची मेंदी अशी कामे सहज मिळाली असती आणि त्यांत पैसाही लवकर सुटला असता. परंतु ती आम्ही घेतली नाहीत. ज्यांनी घाणेरीच्या जाळीत शिरून एकदा तरी बुंधा शोधला आहे, त्यांना हे काम म्हणजे 'साफसफाई' नव्हे हे वेगळे सांगायला नको. तण काढणे हा या कामाचा लहान भाग आहे. त्यानंतरचे दोन-तीन पावसाळे हा मोठा भाग आहे आणि नेमका त्याच भागाचा मोबदला द्यायला बाजार तयार नसतो.

आमचे पहिले भागीदार भोर तालुक्यातील एका वाडीचे. ते वयाने मोठे असल्याने आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी घाणेरीसाठी मूळ छाटण्याची जी पद्धत बसवली, तिची माहिती मी वाचून आलो होतो. खोड संपून मूळ सुरू होते तेथे बुंध्याची गाठ असते आणि नवे फुटवे त्या पट्ट्यातूनच येतात. म्हणून जमिनीखाली सुमारे तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून उलटे ठेवायचे, म्हणजे मुळे मातीला टेकून झुडूप पुन्हा रुजत नाही. मी हे कागदावर दाखवले. दादांनी कागद बाजूला ठेवला, उकिडवे बसून तळहाताने बुंध्याभोवतीचा पाचोळा आणि माती दूर केली, गाठ अंगठ्याने चाचपली आणि तिच्याखाली कुदळीचा एकच घाव घातला. मूळ तुटल्यावर झुडूप हातात सैल येते. वरून छाटलेल्या घाणेरीपेक्षा हा अनुभव पूर्णपणे वेगळा असतो.

नेहमीची कुदळ मात्र या कामाला चालेना. आपल्या मुरमाड उतारावर तिचे रुंद पाते दगडावर आपटून घसरते आणि घाव मुळाऐवजी गाठीवरच बसतो. दादांनी गावच्या लोहाराकडे बसून चार बोटे रुंदीचे, थोडे आत वळलेले पाते घडवून घेतले आणि त्याला नेहमीपेक्षा आखूड असा धावड्याचा दांडा बसवला, कारण जाळीत वाकून काम करताना लांब दांडा वरच्या फांद्यांत अडकतो. आज आमच्याकडे ब्रश कटर आहेत, सब्बल आहेत, रानमोडीसाठी लांब दांड्याचे विळे आहेत. तरीही नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी हीच कुदळ दिली जाते आणि ती पाजवता आल्याशिवाय त्याला जाळीत पाठवले जात नाही. दांडा बाभळीचा मिळाला तर घ्यावा, निलगिरीचा घेऊ नये. तो उन्हात पिळतो. बोथट कुदळीने माणूस दुप्पट दमतो आणि दमलेला माणूस दुपारनंतर मूळ न शोधता वरूनच छाटू लागतो. ज्यांना या व्यवसायात यायचे आहे त्यांनी यंत्रांच्या किमती विचारण्यापूर्वी जवळचा चांगला लोहार शोधावा.

सुरुवातीची काही वर्षे बरी गेली आणि कामे एकाकडून दुसऱ्याकडे ऐकून येत राहिली. पुढे जे घडले त्याविषयी मी आजवर कुठे लिहिले नव्हते. ते आता लिहितो.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कंपनीचा मोठा उतार होता. घाणेरी वरपासून खालपर्यंत माजलेली होती, मधल्या पट्ट्यात रानमोडी होती, पण त्या जाळीच्या पोटात करवंद, धायटी, गेळा आणि थोडी कारवी ही इथली झुडपे अजून जिवंत होती. आम्ही तीन वर्षांचा करार केला. तीव्र उतार एकदम उघडा करायचा नाही, म्हणून समपातळीवर आडवे पट्टे आखले; एका वर्षी एक पट्टा मोकळा करायचा, त्यावर गवताचे बी टाकायचे आणि ते धरल्यावरच पुढच्या पट्ट्याला हात लावायचा, असे ठरले. घाणेरीत बुलबुलांची घरटी असतात, सशांचा आसरा असतो. त्यांनाही सरकायला वेळ मिळतो. दोन हंगाम काम चांगले झाले. पहिल्या पट्ट्यावर मारवेल आणि पवन्या ही इथली गवते गुडघ्याला लागू लागली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका कंत्राटदाराने कंपनीला सांगितले की संपूर्ण उतार जेसीबीने महिन्याभरात मोकळा करून देतो, आणि दर आमच्या निम्म्याहून कमी लावला. आमचा करार मध्येच मोडण्यात आला. 'काम अपूर्ण' असा शेरा मारून दुसऱ्या हंगामाचा हप्ता रोखण्यात आला. ज्यांनी तो हंगाम राबून काढला त्या वाडीतील बायकांची मजुरी तर द्यावीच लागणार होती. आम्ही कर्जावर घेतलेली पिकअप विकली, घरातले दागिने गहाण ठेवले आणि सगळ्यांची मजुरी चुकती केली. पुढचे वर्षभर कुदळी गोणपाटात बांधून एसटीच्या टपावरून कामाच्या जागी गेल्या. दादांची मुले त्यांना हा धंदा सोडायला सांगत होती आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आजही मला वाटत नाही.

त्या उताराचे काय झाले हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. यंत्राच्या दातांनी मुळे निघाली नाहीत, तुटली. बुंध्याच्या गाठी मातीत पसरल्या आणि बऱ्याच ठिकाणी एकाच्या जागी अनेक फुटवे आले. करवंद आणि धायटी घाणेरीबरोबरच उखडली गेली. मुळशीचा आषाढातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला उघड्या मुरमाचे काय होते हे ठाऊक आहे. माती ओढ्यात उतरली आणि आमचा धरलेला पट्टादेखील वरून आलेल्या दगडगोट्यांखाली गेला. गणपतीनंतर त्या सबंध उतारावर कॉसमॉस फुलला. हे मेक्सिकोकडचे झाड आहे. पिवळ्या-केशरी फुलांनी डोंगर भरला की पाहणाऱ्याला तो नटलेला वाटतो, परंतु त्याच्या दाटीत आपली सोनकी आणि तेरडा यांना जागा उरत नाही. कंपनीने त्याच फुलांची छायाचित्रे आपल्या पुस्तिकेत छापली आणि त्या कंत्राटदाराचा एका समारंभात हरित कार्यासाठी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढे फुटव्यांवर त्याने ओढ्याच्या काठापर्यंत तणनाशकही मारले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. आम्ही मात्र असा नियम नव्हता तेव्हापासून ते पाण्याच्या वाटेवर कधीही वापरलेले नाही.

दराच्या स्पर्धेत हरणे मला मान्य आहे. परंतु साफ केलेल्या एकरांवर काम मोजले जाते आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर तेथे काय उगवले हे कोणी तपासत नाही, याची खंत अजून गेलेली नाही. घाणेरी आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून आली. गाजरगवताची देशातील पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात याच पुण्यात झाली. अनुक्रमे दोन शतके आणि सत्तर वर्षे ज्यांनी जमिनीत बी साठवले, ती तणे एका महिन्याच्या यंत्रकामाने जातील असे सांगणाऱ्यावर शिकलेली माणसे विश्वास ठेवतात.

त्या वर्षी आम्ही टिकलो ते भोरजवळच्या एका बाईंमुळे. त्या निवृत्त शिक्षिका; वडिलोपार्जित माळ विकायचा नाही आणि त्यावर बंगलाही बांधायचा नाही, अशा विचारांच्या. आमचे पिकअप विकल्याचे त्यांच्या कानावर गेले, तेव्हा त्या स्वतः आल्या आणि पुढच्या दोन वर्षांच्या कामाची रक्कम आगाऊ देऊन म्हणाल्या, "दादांना सांगा, माझा माळ अर्ध्यावर सोडायचा नाही. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." त्यांच्या माळावर आम्ही आजही जातो. श्रावणात कॉसमॉस आणि रानतुळस फुलण्याआधी हाताने उपटायची, दिवाळीच्या आसपास रानमोडी कळ्यांवर असताना मुळासकट काढायची, कारण तिचे बी एकदा वाऱ्यावर आणि माणसांच्या कपड्यांवर गेले की पुढची काही वर्षे गेली. आणि घाणेरीच्या उरल्यासुरल्या रोपांसाठी, तिची फळे खाऊन बुलबुल बसतात त्या झाडांखालची जमीन दर वर्षी तपासायची, हा तेथील क्रम. बाई छत्री घेऊन आमच्यामागे फिरतात आणि प्रत्येक रोप उपटण्यापूर्वी त्याचे नाव विचारतात. नाव सांगता आले नाही तर ते रोप उपटू देत नाहीत. त्यामुळेच चौथ्या वर्षी गवतात आलेली खर्चुडी ही दुर्मीळ रानवेल वाचली. तिची वेल कोवळी असताना नव्या मजुराने ती तण समजून सहज काढली असती. बाईंची ही अट आम्ही पुढे सर्व कामांना लागू केली.

जमीनमालकांना माझे सांगणे असे आहे की कंत्राटदाराने दर सांगितल्यावर त्याला दोन प्रश्न विचारावेत : तोडलेले झुडूप कोठे आणि कसे ठेवणार, आणि गवताचे बी कोठून आणणार. पहिल्याचे उत्तर 'पेटवून देऊ' असे आले तर त्याला नमस्कार करावा. आगीनंतर घाणेरी आणि रानमोडी दोन्ही बुंध्यातून जोमाने फुटतात. दुसऱ्याचे उत्तर पाकिटातून असे आले तर पाकिटात काय आहे ते उघडून पाहावे, कारण 'रानफुलांचे मिश्रण' म्हणून कॉसमॉसच विकला जातो. आम्ही मारवेल, पवन्या आणि डोंगरी या गवतांचे बी कार्तिकात त्याच खोऱ्यातील माळांवरून, मालकाला विचारून गोळा करतो, सावलीत वाळवतो आणि रोहिणी-मृगाच्या सुमारास शेणमातीत कालवून टाकतो. नुसते टाकले तर हलके बी वाऱ्याने जाते आणि उरलेले मुंग्या नेतात. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी एकराच्या ठोक दरावर काम घेऊ नये, शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्याशी बांधावा पण मजुरीचा भाग दर आठवड्याला मागून घ्यावा, आणि गाजरगवताच्या कामाला हातमोजे व पूर्ण बाह्यांशिवाय कोणालाही उभे करू नये. त्या तणामुळे अंगावर उठणारी ॲलर्जी एकदा जडली की पाठ सोडत नाही.

दादा आता वाडीतच असतात. त्यांचा धाकटा मुलगा आमच्याबरोबर आहे आणि नव्या पिकअपचे हप्ते फिटले आहेत. मुळशीच्या त्या उताराच्या मालकांकडून अलीकडे पुन्हा विचारणा आली. तेथे घाणेरी पूर्वीपेक्षा दाट झाली आहे. आम्ही दरपत्रक पाठवले आहे. त्यात पहिले कलम जुन्या थकबाकीचे आहे, दुसरे आडव्या पट्ट्यांचे आणि तिसरे जेसीबी उतारावर न आणण्याचे. मुदत या वेळी पाच वर्षांची मागितली आहे, कारण आता करवंद आणि धायटीही नव्याने लावावी लागेल. होकार ऑक्टोबरपूर्वी आला तर रानमोडी फुलण्याआधी काम सुरू करता येईल. त्यानंतर आला तर तो पुढच्या वर्षासाठी धरला जाईल, हेही पत्रात नमूद केले आहे.