लाकूड आधी, आकार नंतर

आमची कार्यशाळा उभी राहिली ती मोडीत निघालेल्या तुळया, दारांच्या चौकटी आणि वादळात उन्मळून पडलेल्या झाडांच्या जिवावर. शिल्पासाठी उभं झाड तोडायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. धंद्याची बाकीची घडी त्याच हिशेबाने बसत गेली.

सुरुवातीला लोक चित्र घेऊन यायचे आणि ‘हुबेहूब असंच हवं’ म्हणायचे. अशी कामं आम्ही हळूहळू बंद केली. आता गिऱ्हाइकाला आधी लाकूड दाखवतो. तुळईत जोडासाठी पाडलेली खाच, जुन्या खिळ्याभोवती लोखंड आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) मिळून उमटलेला निळा-काळा डाग, यातलं काय राखायचं ते समोरासमोर ठरतं. डाग रंधून काढायचाच असेल, तर नवं लाकूड घेतलेलं बरं, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्या डागासाठीच तर जुनं लाकूड घ्यायचं!

पटाशी लावण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवतो. आत राहिलेला खिळा धार घालवतो आणि यांत्रिक करवतीला लागला तर जिवावर बेततो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासत नाही. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी गळत असेल, तर आत कीड जिवंत आहे असं धरून ते लाकूड बाकीच्या ढिगात जात नाही.

खरी कसोटी बुंध्याची. ओलं लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. त्यामुळे अख्खा गोल ओंडका फाटायला बघतोच. जपानी मूर्तिकारांनी यावर फार पूर्वी तोड काढली होती. ब्योदो-इन मंदिरातली १०५३ सालची, जोचो या मूर्तिकाराची अमिदा बुद्धमूर्ती अनेक लाकडं जोडून, आतून पोकळ ठेवून घडवलेली आहे. आम्हीही मोठं काम पाठीमागून कोरून पोकळ करतो, ओंडक्याच्या टोकांना मेण लावतो आणि जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर सावलीत वाळू देतो. तरीही चीर पडलीच, तर ती चीर लांबी (पुट्टी) भरून लपवत नाही. डमरूच्या आकाराची लाकडी गुल्ली आडवी बसवून तिथेच थोपवतो. कितीतरी जणांना पुढे ती गुल्लीच सगळ्यात जास्त आवडते, याचा मला फार आनंद होतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा आणि मधमाश्यांच्या मेणाचा. तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती बाहेर मोकळी पसरून वाळवायची, हा नव्या कारागिराला दिलेला पहिला धडा.

आता मोठ्या इमारतींच्या दर्शनी भागातली कामंही येतात आणि सगळ्यांनाच तारीख हवी असते. अशा वेळी आम्ही आधी वखारीत जातो, कोणता ओंडका वाळलाय ते ओलावामापकाने पाहतो आणि मगच तारीख देतो.