तुम्ही विचारलंत म्हणून: जीपीएल का, एमआयटी का नाही?

‘जीपीएल कशाला लावता? एमआयटी लावा आणि मोकळे व्हा.’ हा प्रश्न आहे की सल्ला, ते कळत नाही. पण तो वारंवार येतो, आणि बहुतेकदा अशा माणसाकडून येतो ज्याला कोड वापरायचा असतो, सांभाळायचा नसतो. एकदा सविस्तर लिहून टाकतो. लायसन्स म्हणजे कोड वापरण्याचा परवाना. एमआयटी म्हणतं: मूळ नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवा, बाकी काहीही करा. जीपीएल म्हणतं: प्रोग्राम वाटलात तर त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोडही, त्याच लायसन्सखाली द्या. ‘खरं स्वातंत्र्य कशात’ या वादातही शिरत नाही, त्याला अंत नाही.

मुळात मी सरसकट जीपीएल लावत नाही. छोटी लायब्ररी, एखादा फाइल फॉरमॅट वाचणारा पार्सर, असं जे सगळीकडे पसरावं हाच हेतू असतो, त्याला अपाची 2.0, हेही एमआयटीसारखं सैल लायसन्स. एमआयटी नाही, कारण त्यात पेटंटबद्दल अवाक्षर नाही. अपाचीच्या तिसऱ्या कलमात योगदान देणारा आपल्या पेटंटचा परवानाही देतो, आणि त्याच कोडवरून पेटंटचा दावा ठोकणाऱ्याचा तो परवाना संपतो. एकच खोच लक्षात ठेवा: अपाची 2.0 चा कोड ‘फक्त जीपीएल 2’ (म्हणजे जीपीएलची दुसरीच आवृत्ती) असलेल्या प्रकल्पात मिसळता येत नाही, जीपीएल 3 मध्ये चालतो. (फॉन्टचं गणित निराळं. भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट आधी जीपीएलखाली होते, 2011 मध्ये ओएफएल या खास फॉन्टसाठीच्या लायसन्सखाली आले, आणि ते बरंच झालं. फॉन्ट दस्तऐवजात एम्बेड झाला की जीपीएल कुठवर लागू होतं, याचा घोळ कोणालाच नको असतो.)

पण जे पूर्ण प्रोग्राम म्हणून चालतं आणि उद्या कोणाच्या तरी यंत्रात बंद होऊन विकलं जाऊ शकतं, त्याला मी जीपीएल लावतो. का, ते समजायला डब्ल्यूआरटी54जी पाहा.

लिंक्सिसचा हा निळा-काळा राउटर 2002 च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस सुमारे 50 कोटी डॉलरना विकत घेतली. 2003 च्या जूनमध्ये लिनक्सच्या विकासकांपुढे हे मांडलं गेलं की राउटरच्या फर्मवेअरमध्ये (आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) जीपीएल 2 खालचं लिनक्स आहे आणि सोर्स मात्र कुठेच नाही. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर बाहेरून करून घेतलेलं. म्हणजे डब्यावर ज्यांचं नाव, त्यांना आत काय आहे याचा पुरता पत्ता नसावा. जीपीएल 2 ला याने फरक पडत नाही. तिसरं कलम सांगतं: बायनरी (यंत्रावर चालणारं तयार रूप) वाटलीत तर सोबत सोर्स द्या, नाहीतर तो देण्याचा, किमान तीन वर्षं चालेल असा लेखी प्रस्ताव द्या, आणि सोर्समध्ये बिल्ड व इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टसुद्धा आल्या. या शेवटच्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात. नुसत्या .सी फाइलींचा गठ्ठा दिला तर त्यातून फर्मवेअर तयार होत नाही.

सोर्स खुला करावा लागला. 4 एमबी फ्लॅश आणि 16 एमबी रॅमच्या त्या डब्यात लोकांनी एसएसएच घातलं, व्हीपीएन घातलं, बँडविड्थची वाटणी घातली. 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं. आज ते शेकडो उपकरणांवर चालतं. उलट सोनीच्या प्लेस्टेशन 4 ची प्रणाली फ्रीबीएसडीवर, म्हणजे सैल लायसन्सच्या कोडवर, उभी आहे. तिथे लायसन्सचा मजकूर दाखवला की सोनीचं देणं फिटलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान होती. पण वाय-फायचा ड्रायव्हर बायनरीच राहिला, आणि त्यापायी ब्रॉडकॉमच्या त्या राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी कित्येक वर्षं लिनक्सच्या 2.4 या जुन्या कर्नलला (गाभ्याला) अडकून होतं. राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिंक्सिसने लिनक्सच काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली घातली, फ्लॅश 2 एमबी केली, रॅम 8. लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी54जीएल हे वेगळं मॉडेल काढलं. आणि 2008 च्या डिसेंबरात जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला सिस्कोवर खटला भरावाच लागला. तो 2009 च्या मेमध्ये मिटला. म्हणजे लायसन्स लावलं की सोर्स आपोआप येत नाही. मागणारा लागतो, आणि तो चिवट लागतो.

जीपीएलचं नाव काढलं की पूर्वी मी एवढंच म्हणायचो: ‘सुधारणा परत येतात.’ आता म्हणत नाही. बिझीबॉक्ससाठी (छोट्या यंत्रांतल्या लिनक्स आज्ञांचा जीपीएलखालचा संच) 2007 पासून खटले झाले, पण त्यांतून प्रकल्पात घेण्याजोगा कोड आला नाही, असं त्याचे माजी मेंटेनर रॉब लँडली यांचंच म्हणणं आहे. पुढे त्यांनी तशाच कामाचा टॉयबॉक्स अगदी सैल लायसन्सखाली दिला आणि अँड्रॉइडने तो उचलला. माझं उत्तर एवढंच, की जीपीएल मूळ लेखकासाठी नसतंच. डबा विकत घेणाऱ्यासाठी असतं. हे उत्तर लँडलींना पटेल असं वाटत नाही.

शिवाय खुला कोड पुढे बंद होतो याचा सगळा दोष सैल लायसन्सवर ढकलणंही बरोबर नाही. रेडिस हा डेटाबेस बीएसडी या सैल लायसन्सखाली होता, 2024 च्या मार्चमध्ये लायसन्स बदललं आणि व्हॅल्की हा फोर्क (जुन्या कोडवरून वेगळी शाखा) निघाला. पण सर्व्हर उभे करायचं साधन टेराफॉर्म तर एमपीएल 2.0 खाली होतं, म्हणजे फाइलपुरतं का होईना कॉपीलेफ्टच (बदलही त्याच लायसन्सखाली द्यायचे). तरी 2023 च्या ऑगस्टमध्ये ते बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सखाली गेलं, कारण योगदान देणाऱ्यांनी सीएलएवर (योगदानाच्या करारावर) सह्या करून तो अधिकार कंपनीला आधीच दिलेला होता. तेव्हा लायसन्सआधी हे ठरवा. मी सीएलए घेत नाही; कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या बदलात) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे ही कबुली, पुरते. मग कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडे राहतो आणि मी लायसन्स बदलायचं म्हटलं तरी प्रत्येकाला विचारावं लागतं. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची (लायसन्सचं ठरावीक नाव सांगणारी) ओळ, आणि तीत ‘ओन्ली’ (हीच आवृत्ती) की ‘ऑर-लेटर’ (ही किंवा पुढची) हे स्पष्ट. हे मोघम ठेवलं की निस्तरायला वर्षं जातात.

सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं मात्र कोडं सुटलेलं नाही. तिथे बायनरी कोणाला दिलीच जात नाही, त्यामुळे जीपीएल काही मागत नाही. एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचं तेरावं कलम सोर्स मागतं, पण सुधारलेला कोड नेटवर्कवरून वापरायला दिला तरच. आणि गूगलसारख्या कंपन्यांत एजीपीएलचा कोड वापरायलाच बंदी आहे. माझ्या एका प्रकल्पाला मी ते लावलंय, त्याच जातीच्या दुसऱ्याला नाही. असं का, हे विचाराल तर सध्या सांगता येणार नाही.