नौपाड्यातलं खोकं: धुलाई, सुया आणि हाती लागलेल्या रेकॉर्डी

नौपाडा, घंटाळी, चरई भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की आधी माळे रिकामे होतात आणि माळ्यावरच्या रेकॉर्डी थेट रद्दीवाल्याकडे जातात. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर ज्या एलपीसाठी (लाँग प्ले, मोठी रेकॉर्ड) तासभर घासाघीस करावी लागते, ती इथे वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली निघते. सध्या हाताशी असलेलं खोकं असंच आलंय. तळाला लाखेच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या, वर एलपी आणि फटींत कोंबलेल्या ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या लहान रेकॉर्डी. वरून पाहिलं तर निम्मा माल टाकाऊ वाटावा, इतकी बुरशी आणि चिकट धूळ. जेवढं धुऊन, ऐकून झालं आहे त्यावरून एक ठाम सांगता येतं: ‘खराब’ म्हणून टाकलेल्या रेकॉर्डींपैकी बऱ्याच नुसत्या मळलेल्या असतात, नाहीतर भलत्याच सुईने वाजवून बदनाम झालेल्या असतात. धुतल्याशिवाय आणि मापाची सुई लावून ऐकल्याशिवाय एकही रेकॉर्ड मोडीत काढू नका.

सुरुवात वर्गवारीपासून. लाखेची तबकडी जड आणि ताठ असते, वाकत नाही, तुटते. तिच्या मधल्या भोकात बोट घालून ती लटकवा आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारा. अखंड तबकडी स्वच्छ वाजते, केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. तडा गेलेल्या वेगळ्या काढा आणि धुवू नका, कारण चिरेतून पाणी शिरलं की लाखेत मिसळलेली भुकटी फुगते आणि चीर रुंदावते. ७८ म्हणजे फार जुनी, असंही धरून चालू नका. आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर आली. काळ ठरवायचा तो लेबल आणि क्रमांकावरून.

धुलाईचं द्रावण व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपी-ईपींच्या प्लास्टिकसाठी वेगळं, लाखेसाठी वेगळं. व्हिनाइलच्या एलपी-ईपीसाठी १ लिटरचं प्रमाण असं: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या कामात वापरतात ते वेटिंग एजंट (पाणी सगळीकडे सारखं पसरवणारं रसायन) १ मिली. भांडी घासायचं लिक्विड घालू नका, त्यातला सुवास आणि रंग खाचेत राहतो आणि सुईवर पांढरट गोळा जमतो. पाण्याच्या बाबतीत कंजुषी नको. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार असतात, ते सुकल्यावर खाचेतच बसतात आणि टिकटिक ऐकू येते. बॅटरीचं पाणी म्हणून मिळणारा कॅन चालतो, पण आधी टीडीएस पेन (पाण्यातले क्षार मोजणारं) बुडवून बघा. आकडा ५ च्या वर गेला तर तो कॅन इन्व्हर्टरला द्या.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. फर्निचरचं पॉलिश स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच करतात, तेच तुमच्या तबकडीचं होईल. तिच्यासाठी फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि लिटरमागे तेच १ मिली वेटिंग एजंट. भिजत ठेवायचं नाही. एका बाजूला दोन मिनिटांच्या आत काम संपवून कोरडं करायचं.

क्रम असा. आधी कोरड्या ब्रशने सुटी धूळ काढा. हे टाळलं तर पाण्यात चिखल होतो आणि ब्रश तोच चिखल खाचेत दाबतो. लेबलवर प्लास्टिकचं गोल झाकण दाबून धरा. एका बाजूला साधारण १० मिली द्रावण पसरा. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर व्हिनाइलवर दोन मिनिटं मुरू द्या. मऊ, दाट केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग उलट दिशेने फिरवा. आडवा कधीच नाही. मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात द्या. हा दुसरा हात बरेच जण गाळतात आणि मग धुऊनही करकर गेली नाही म्हणून तक्रार करतात. विरघळलेला मळ टिपला नाही तर तो सुकून पुन्हा होता तिथेच बसतो.

सुकवणं हा ठाण्या-नवी मुंबईत स्वतंत्र विषय आहे. उन्हाळ्यात भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या ठेवलेल्या एलपी अर्ध्या तासात सुकतात. जुलैमध्ये खाडीकडच्या हवेत दुप्पट-तिप्पट वेळ धरा आणि रेकॉर्ड ओलसर असताना पाकिटात सारू नका, नाहीतर बुरशी पंधरवड्यात परत हजर. खरं तर बुरशीचं घर कागदात असतं. जुनं आतलं पाकीट फेकू नका, त्यावर छापील मजकूर असतो. ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि रेकॉर्ड नव्या एचडीपीई प्लास्टिकच्या पाकिटात घाला. पीव्हीसीचं जाड, पारदर्शक, वास येणारं प्लास्टिक मात्र लगेच काढा. त्यातलं प्लॅस्टिसायझर सुटून व्हिनाइलवर दुधाळ धुकं बसतं आणि ते कितीही धुतलं तरी जात नाही. कपाटात सिलिका जेल ठेवत असाल तर ओलावा धरल्यावर रंग बदलणारं नारिंगी घ्या. हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाचं.

फेव्हिकॉलचा थर देऊन सोलून काढायची युक्ती सगळीकडे फिरते आहे. कोरड्या हवेत व्हिनाइलवर ती चालते. पावसाळ्यात थर पूर्ण वाळत नाही, सोलताना फाटतो आणि तुकडे खाचेत राहतात. लाखेच्या तबकडीवर तर अजिबात नको. आमचं मत विचाराल तर ब्रश आणि दोन वेळा पाणी, एवढ्यात दहातल्या नऊ रेकॉर्डी स्वच्छ होतात.

आता सुई, जिथे खरी नासाडी होते. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची, म्हणजे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीला ०.७ मिल, साधारण १८ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी जाऊन तिथला चिखल आणि ओरखडे वाजवते, आणि ऐकणारा म्हणतो ‘जुनी रेकॉर्ड, आवाज असाच यायचा’. मापाची सुई भिंतींवर बसते. त्या भिंतींना जुन्या पोलादी पिनेने जिथे झिजवलेलं नाही तिथे आवाज आश्चर्य वाटावं इतका भरीव असतो.

एकच कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ठेवायचं असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ सोयीचं. बॉडी तीच ठेवून सुईचा भाग नुसता ओढून बदलता येतो. एलपीसाठी ‘ई’ सुई, रेकॉर्डवर पडणारं वजन २ ग्रॅम. ७८ साठी ‘एसपी’ सुई, वजन ५ ग्रॅम. सुई बदलली की काउंटरवेट, म्हणजे हे वजन ठरवणारा मागचा भार, पुन्हा लावायलाच हवं. २ ग्रॅमवर ‘एसपी’ सुई खाचेत उडते आणि ५ ग्रॅमवर ‘ई’ सुई एलपी खरवडते. साधा, स्वस्त डिजिटल तराजू असला तरी चालेल, पण टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) आकड्यावर विसंबू नका.

मोनो (एकाच चॅनेलच्या) रेकॉर्ड, म्हणजे सगळ्या ७८ आणि साठच्या दशकातल्या बहुतेक एलपी, वाजवताना दोन्ही चॅनेल एकत्र करा. मोनो खाच सुईला फक्त आडवी हलवते. सुई उभी हलते ती धूळ आणि झिजेमुळे, आणि दोन्ही चॅनेल एकत्र केले की हा उभा आवाज आपोआप वजा होतो. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण नसेल तर संगणकात रेकॉर्ड करून जोडा. बुरशी खाल्लेल्या ७८ वर हा एक बदल कुठल्याही महागड्या सुईपेक्षा जास्त देतो.

चोरबाजारात पितळी कर्ण्याचे नवे बनवलेले ‘जुने’ ग्रामोफोन मिळतात. दिवाणखान्याला शोभा देतात, रेकॉर्ड त्यांवर वाजवू नका. चांगल्या अवस्थेतल्या मूळ यंत्रावर ७८ वाजवायची तर एका बाजूला एक नवी पीन हा नियम पाळा. लाखेतली भुकटी पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते, तीच पीन दुसऱ्या बाजूला लावली की ती छिन्नीसारखी चालते. आणि व्हिनाइल तिथे कधीच नाही.

वेगाची तपासणी आवाजाइतकीच महत्त्वाची, विशेषतः शास्त्रीय गायनासाठी. अमेरिकेतून कुणी नातेवाईक टर्नटेबल घेऊन येतो, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला जातो आणि सगळे गायक अचानक खर्जात गाऊ लागतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहास पाच या प्रमाणात मंद फिरते, ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८. सूर तीन पट्ट्यांनी उतरतो, काळी पाचची गायिका पांढरी पाचवर येते. उपाय म्हणजे मोटरवरची ५० हर्ट्झची पुली (चाक). ती मिळत नसेल तर ते यंत्र घेऊच नका. तपासायला छापील स्ट्रोब डिस्क वापरा, वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात: ५० हर्ट्झसाठी ३३⅓ ला १८० रेघा, ७८ ला ७७. एलईडीच्या उजेडात रेघा नीट थांबत नाहीत, जुनी चोक असलेली ट्यूबलाइट किंवा निऑनचा दिवा लागतो. अगदी जुन्या, विद्युत ध्वनिमुद्रणापूर्वीच्या तबकड्या मुळातच नेमक्या ७८ वर भरलेल्या नसतात. तिथे हार्मोनियम जवळ ठेवून कानाने वेग लावायचा.

या खोक्यात आतापर्यंत हाती लागलेलं.

सगळ्यात मोठा आनंद अमीर खाँसाहेबांच्या मारवा आणि दरबारीच्या एलपीचा, क्रमांक ईएएलपी १२५३, १९६० ची. एका बाजूला एक राग. मारव्याचा विलंबित इतका संथ आहे की दोन स्वरांमधल्या शांततेत प्रत्येक टिकटिक ऐकू येते, त्यामुळे धुलाई जमली की नाही ते तपासायला यापेक्षा कडक परीक्षा नाही. आमच्या प्रतीवर दरबारीच्या सुरुवातीला एक ओरखडा आहे. तो नखाला लागतो, म्हणजे तो राहणारच. नखाला न लागणारे केसासारखे चरे बहुतेक ऐकू येत नाहीत, त्यांना घाबरून रेकॉर्ड सोडू नका.

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी दोनदा धुवावी लागली, पण आता निर्मळ आहे. पहिली बाजू संपली की ती लगेच उलटवाविशी वाटत नाही, इतका भूप मनात रेंगाळतो. नव्याने गोळा करायला लागलेल्यांनी पहिली एलपी म्हणून ही शोधावी.

खरा शोध मात्र एका धाग्याचा. खोक्याच्या तळाला जी. एन. जोशींची ७८ निघाली, ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांपैकी ही. हेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’चे निर्माते तेच. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. ती एलपीही याच खोक्यात होती. दोन्ही एकापाठोपाठ वाजवून बघा. तीन-साडेतीन मिनिटांत सगळा भाव बसवायची शिस्त अंगी असलेला गायक नंतर एलपीच्या लांबीचा कसा विचार करतो, ते ऐकण्यासारखं आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त गुराख्याचा दिवस पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत नेताना एकही राग गरजेपेक्षा जास्त थांबत नाही.

‘गीतरामायणा’चा १० एलपींचा संच अपुरा आहे. सुट्या एलपी घेताना सावध राहा: ५६ गीतं २० बाजूंवर विभागलेली आहेत आणि कव्हर एका भागाचं, आत रेकॉर्ड दुसऱ्याची, हे सर्रास दिसतं. कव्हरवरचा क्रमांक लेबलशी आणि लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेल्या क्रमांकाशी जुळवा. कोरलेला क्रमांक प्रमाण मानायचा. बाबूजींच्या (सुधीर फडके यांच्या) आवाजाच्या या प्रती घरोघरी अतोनात वाजल्या आहेत, त्यामुळे चकाकणारी प्रतही आतून झिजलेली असू शकते. शेवटच्या गाण्याचा शेवट आधी ऐका. केंद्राजवळ खाच आखूड होते आणि झीज तिथे पहिल्यांदा कळते, ‘स’ फाटलेला येतो.

नाट्यसंगीताच्या ईपी अजून धुवायच्या आहेत. एकीचं मधलं भोक ज्यूकबॉक्ससाठी मोठं पाडलेलं आहे, ॲडॅप्टरशिवाय ती लचकत फिरेल. ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या कंपनीच्या दोन ७८ आहेत. एकीचं लेबल पार गेलंय, पण गाण्याच्या शेवटी गायक किंवा गायिका नाव सांगते का, हे अशा तबकडीवर आधी ऐकायचं. अगदी सुरुवातीच्या काळात परदेशातल्या कारखान्याला कळावं म्हणून ती पद्धत पडली होती आणि काही गायकांनी पुढेही पाळली. दुसरीला कडेपासून आत अर्ध्या इंचाचा तडा आहे. सुई आत जाताना त्या ठिकाणी दर फेऱ्याला एक ठोका देते, पण खाच सोडत नाही. ती न धुता, नुसती कोरडी पुसून ३ मिलच्या सुईने एकदाच वाजवायची, त्याच वेळी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर भरून ठेवायची आणि मग सपाट पुठ्ठ्यात उभी ठेवायची.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ची दुसरी प्रत आणि तीन-चार जुळ्या ईपी अदलाबदलीसाठी बाजूला काढल्या आहेत. ‘गीतरामायणा’तले आमच्याकडे नसलेले भाग ज्यांच्याकडे जादा आहेत, मग ते वाशीत असोत वा डोंबिवलीत, त्यांनी कोरलेला क्रमांक आणि शेवटच्या गाण्याची अवस्था कळवावी.