1.8 म्हणजे किती, तेवढं लिहा की!

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट हातात पडला, त्यात 'ईसी 1.8' एवढंच. ईसी म्हणजे पाण्याची विद्युत वाहकता, तिच्यावरून पाण्यातल्या क्षारांचा अंदाज येतो. पुढं एकक नाही. तासगाव भागात नवी द्राक्षबाग लावायची, कर्जाच्या फाईलला माती-पाण्याचा रिपोर्ट लागतो. बँकेतल्या शेती अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट केला नि विचारलं, "डेसीसायमन का मायक्रोसायमन?" फाईल परत.

नमुना देणं, पैसे भरणं, पावती घेणं, सगळं सुरळीत झालं होतं. अडकलो ते इथं. प्रयोगशाळेच्या खिडकीवर गेलो तर उत्तर, "मशीन दाखवतं ते आम्ही छापतो." मशीनवर एकक दिसत असेल की, म्हटलं. "सायबांना भेटा." साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब जागेवर, पण सही करणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला. शेवटी एकानं पेनानं बाजूला एकक लिहून दिलं, शिक्का नाही. बँकेला ते चालेना. परत खिडकी. "एवढ्यासाठी कशाला येताय, सगळ्यांना कळतं की हो," असं मलाच सुनावलं. सगळ्यांना कळतं तर छापायला काय जातं?

खरं म्हणजे मलाही तोवर कळलं होतं. 1.8 मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर म्हणजे जवळपास डिस्टिल्ड वॉटर झालं. आमच्या बोअरला तसलं पाणी लागलं असतं तर शेती सोडून बॅटरीचं पाणी विकलं असतं. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही; 25 अंशाला त्याची वाहकता जेमतेम 0.055 मायक्रोसायमन. मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. वीज वाहून नेतात ते हे भारित कण. जितके क्षार जास्त तितकी वाहकता जास्त. समुद्राचं पाणी 50 डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास जातं. एक डेसीसायमन प्रति मीटर म्हणजे हजार मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर, म्हणजे आमचं पाणी 1800.

शेजाऱ्याचा पेनासारखा मीटर आणून बुडवला, तर 900 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 900 भाग क्षार. रिपोर्टात एकूण क्षार 1152. आता कोण खरं? दोन्ही! क्षार कुणीच तोलले नव्हते. दोघांनी मोजली वाहकताच. मीटरनं 1800 ला 0.5 नं गुणलं, प्रयोगशाळेनं 0.64 नं. म्हणून मीटर घेणाऱ्यांनो, पीपीएम बघू नका, बटण दाबून ईसीवर आणा. आणि तापमान आपोआप जुळवणारा घ्या, कारण दर अंशाला वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. उन्हात तापलेल्या पाण्याचा आकडा उगाच फुगतो.

मीटर हातात होता म्हणून बादलीत युरिया विरघळवून बघितला. आकडा फारसा हलला नाही, कारण युरिया पाण्यात फुटून भारित कण होत नाही. साखरेचंही तसंच. पांढरं पोटॅश टाकलं की मात्र काटा उडी मारतो. ड्रिपमधून खत सोडताना नुसत्या ईसीवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटी शिक्क्यासकट दुरुस्त रिपोर्ट मिळाला. बँकेत तो सरकवताना जो आनंद झाला तो पहिल्या घडाच्या वेळीही झाला नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात द्राक्षाला 1.0 डेसीसायमनपर्यंतचं पाणी निर्धास्त, 1.7 ला उत्पादन दहा टक्के घटतं. म्हणून कलम क्षार सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावरच करायचं ठरवलं.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: फॉर्मवर 'सिंचनासाठी' हेच लिहा आणि सोडियमचं प्रमाण, म्हणजे एसएआर, मागून घ्या. ईसी किती क्षार ते सांगते, कुठले ते नाही. जमीन चोपण, म्हणजे घट्ट नि पाणी न मुरणारी, करतो तो सोडियम. नमुना घेण्याआधी मोटर अर्धा तास चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं विसळा, काठोकाठ भरा. आणि रिपोर्ट खिडकीवरच उघडून वाचा. एकक नसेल तर तिथून हलूच नका, मागं रांग कितीही ओरडू दे.