कुठल्या पानावर थांबलात? वही दुसरी, जून ते डिसेंबर २०२५

पहिली वही पुरात गेली. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी बडोद्याच्या समा भागात शिरली तेव्हा विज्ञानकथा-अद्भुतकथा वाचणाऱ्या आमच्या मंडळींची पुस्तकांची फिरती पिशवी आणि माझी नोंदवही दोन्ही तिथल्या मैत्रिणीच्या तळमजल्यावर होती. मैत्रीण स्वतः वरच्या मजल्यावर. तिने फोनवर आधी गल्लीतल्या मगरीची बातमी दिली, मग पिशवीची. (अक्राळविक्राळ प्राण्यांची वर्णनं वाचून आमच्यापैकी कुणी दचकत नाही, ते यामुळेच.) पाणी उतरल्यावर पुस्तकं वाळवली. दर दहा-बारा पानांत वर्तमानपत्राची घडी, पंखा चालू, तासातासाला घडी बदलायची. साध्या कागदाची वाचली, फुगली तरी. गुळगुळीत कागदाची विटेसारखी चिकटली ती चिकटलीच. वही शाईच्या पेनाने लिहिलेली, त्यामुळे ती निळी होऊन संपली. ही दुसरी बॉलपेनने लिहिते आहे.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत सांगते. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी, लायब्ररीत तारखेचा शिक्का मारायची असायची तशी. रकाने तीन: कुठल्या पानावर थांबलात, का थांबलात, पुन्हा उचललंत का. गुण नाहीत, तारे नाहीत. गुण देऊन पाहिले होते. सगळे सगळ्याला दहापैकी सात देतात. पुस्तक आणणारा समोर बसून सेव उसळ खातोय, त्याच्या तोंडावर तीन कोण देणार? पानाला मात्र भीड पडत नाही. माणूस कुठे कंटाळला, कुठे चिडला आणि कुठे भाजी करपली म्हणून उठला, सगळं तिथेच कळतं.

पिशवी फिरवण्याची कल्पना आमची नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, सेंट्रल लायब्ररी उभी केली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. आमची पेटी कापडी आहे आणि दांडिया बाजार ते समा एवढीच फिरते. सेंट्रल लायब्ररीत आत कधी गेला नसाल तर जा. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. लहानपणी त्या काचेवरून चालताना मला अंतराळयानात असल्यासारखं वाटायचं. हा छंद बहुतेक तिथूनच लागला.

जून. मे महिन्यात जयंत विष्णू नारळीकर गेले, आणि न ठरवता पिशवीत त्यांचीच पुस्तकं आली. त्यांची पहिली गोष्ट मंडळींपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हती: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. ज. वि. ना. उलटे केले की ना. वि. ज. 'वामन परत न आला'ची चिठ्ठी मी पहिल्यांदाच अशी पाहिली: सातही जणांनी पूर्ण केलं, आणि सातांपैकी एकालाही माणसांची नावं आठवेनात. भाच्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, "पात्रं भूमितीतल्या अ, ब, क सारखी." मला हे पटतं, पण ही तक्रार आहे असं वाटत नाही. त्या पुस्तकात पात्र एकच, तो वामन नावाचा यंत्रमानव, आणि तो आठवतो.

आत्याचा मुद्दा निराळा. ती म्हणाली, "सगळे वामनाला घाबरतात. मागितलं त्याने, पण पाणी सोडलं ते बळीनेच ना?"

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं आहे. आमच्याकडे अद्भुत कल्पितकथा आवडते की नाही हे बरंचसं यावर ठरतं. कुणी अचाट शक्ती दाखवली की आमचे वाचक विचारतात: वर कुणी दिला, काय बघून दिला आणि उःशाप कुठे आहे? भस्मासुर ऐकत वाढलेल्या माणसाला फुकटची जादू पटत नाही. मागच्या वर्षी दोन जाड्या इंग्रजी मालिका पन्नास पानांच्या आतच थांबल्या होत्या, त्या याच कारणाने. नायक हात हलवतो, डोंगर हलतो, त्याला घामसुद्धा येत नाही.

जुलै. 'ड्यून', वाळवंटी ग्रहावरची कादंबरी. हे पुस्तक वीसेक प्रकाशकांनी नाकारलं आणि शेवटी १९६५ मध्ये मोटारदुरुस्तीची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीने काढलं, ही हकीकत मी मुद्दाम आधी सांगितली, थोडी सहानुभूती मिळावी म्हणून. मिळाली नाही. तीन जण चाळीस पानांच्या आत थांबले, कारण एकच: शब्द. मागे शब्दकोश आहे हे सांगितल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी तो आधी वाचला, अमरकोशासारखा, सलग, आणि पुस्तक परत केलं. म्हणाले, "झालं की." शेजारच्या बेन मूळ कच्छच्या, इंग्रजी बेताचं, पण त्यांनी शेवट गाठला. श्वासातलं, घामातलं पाणी गाळून पुन्हा प्यायचा तो पोशाख, पाहुण्यापुढे थुंकणं हा मान, कारण त्याने आपलं पाणी दिलं. हे सगळं त्यांना अजिबात परग्रहावरचं वाटलं नाही. त्यांच्या आजीकडे भांडी राखेने घासून पुसून ठेवायचे, पाणी न लावता. बेननी रकान्यात गुजरातीत लिहिलंय, ते मी तसंच ठेवलंय. राजकारण आणि भविष्यवाणी त्यांनी सरळ उलटून टाकली.

ऑगस्ट. काकांनी 'रेन्डेव्हू विथ रामा' हे नाव बघूनच उचललं. मी सांगितलं, काका, यात राम नाही. १९७३ चं पुस्तक आहे. कथेतल्या खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक-रोमन नावं संपलेली असतात, म्हणून ते हिंदू देवांच्या नावांवर आलेले, आणि आपल्या सूर्यमालेत शिरलेली पन्नास किलोमीटर लांबीची एक नळकांडी, म्हणजे परक्यांचं यान, 'राम' ठरते. काका म्हणाले, बघू तर. चार दिवसांत संपवलं आणि जिन्यात मला गाठलं. "आला, गेला. कोण होते, कुठे निघाले, आपल्याकडे ढुंकून का पाहिलं नाही, काही म्हणजे काही सांगितलं नाही!" मी म्हटलं, मग थांबलात कुठे? "थांबतोय कुठे, झोप नाही लागली." चिठ्ठीत मात्र त्यांनी 'बरे' एवढंच लिहिलं. चिठ्ठीची ही मर्यादा मी मान्य करते; जिन्यातलं बोलणं मला वेगळं टिपावं लागतं.

सप्टेंबर. नवरात्रात नोंद नाही. बडोद्यात नवरात्रात कुणी वाचत नाही.

त्याआधी आत्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वाचायचं नाही म्हटल्यावर ती इतकी चिडचिडली की मी रोज संध्याकाळी वाचून दाखवायचं कबूल केलं. पिशवीत उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' होतं, १९६८ चं. इंग्रजीत डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली.

अडले ते दुसऱ्याच पानावर. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, ते फार थोड्यांना माहीत असतं, आणि ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. 'खरं नाव' म्हटलं तर इतर नावं खोटी ठरतात. 'गुप्त नाव' म्हणजे पोलिसांचा खबऱ्या. मी अडखळत होते. आत्या डोळ्यावरचा हिरवा पडदा सारखा करत म्हणाली, "राशीचं नाव म्हण ना. हाक मारायचं वेगळं, पत्रिकेतलं वेगळं."

त्यानंतर भाषांतर मला करावं लागलंच नाही.

मग नामकरणाचा प्रसंग आला. तेरा वर्षांचा मुलगा, आईने ठेवलेलं नाव त्याच्याकडून काढून घेतलेलं, तो बिननावाचा, उघडा, थंडगार प्रवाह ओलांडून पलीकडे जातो. काठावर उभा असलेला जादूगार त्याचा दंड धरतो आणि नवीन नाव कानात सांगतो. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते तेवढ्यात प्रश्न आला, "हा कोण बाबाजी? कानात नाव आत्याने सांगायचं असतं. याला आत्या नव्हती?" मी म्हटलं मावशी आहे, पहिली जादू तिनेच शिकवली. "मावशीला मान नाही तो. तरी चालेल." पाच मिनिटांनी पुन्हा: "तुझ्या बारशाला मी कुर्र केलं तेव्हा तू अशी भोकाड पसरलीस की नाव कुणाला ऐकूच गेलं नाही."

आत्याचे यजमान, त्यांचं नाव तिने चाळीस वर्षांत सरळ घेतलेलं मी ऐकलं नाही. बँकेत कारकुनाने विचारलं की ती माझ्याकडे बोट करायची. घेतलं असेल ते हळदीकुंकवाला, उखाण्यात. नावाला एवढं वजन का, हे भाच्याला मी दोनदा समजावलं होतं. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, त्याला यंत्रणा हवी. आत्याने त्याला एका वाक्यात वाटेला लावलं: "नाव नुसतं घ्यायचं नसतं, यमकात घालून घ्यायचं असतं. तोच मंत्र." भाचा वहीत लिहून घ्यायला लागला, आता त्याची वेगळी वही आहे.

आणि हो, उःशाप. पोरगा घमेंडीत नको ते करून बसतो, सावली मोकळी सुटते, आणि पुस्तकभर तो तिची किंमत मोजतो. आत्या पुराणिकबुवांना द्यावी तशी मान डोलवत होती. शेवटी चिठ्ठीत काय लिहू विचारलं. सांगितलं, "मी थांबले नाही. वाचणारी थांबायची, रोज आठ वाजता, कुकर लावायला."

तर ही पद्धतीतली दुसरी फट. ऐकणाऱ्याचं पान कसं मोजायचं? सध्या मी चिठ्ठीला चौथा रकाना केला आहे: 'कुणी वाचून दाखवलं'. कुणाला याहून बरं सुचलं तर सांगा.

नोव्हेंबर. दोन पुस्तकं, भराभर. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'च्या मूळ चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्यावर येतो, इंग्रजीत तो सुरुवातीला आणला. आमचे दोघे त्याच भागात थांबले: "विज्ञानकथा म्हणून घेतलं, हे काय?" बाकीच्यांना तोच सगळ्यांत आवडला, मलाही. भाच्याची हरकत: खऱ्या आकाशात अल्फा सेंटॉरीचे दोन मोठे तारे एकमेकांभोवती शहाण्यासारखे फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून सुमारे १३,००० खगोलीय एकक लांब (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). एक फेरी घालायला त्याला पाच लाखांहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे पुस्तकात तीन सूर्यांच्या ओढाताणीत तिथल्या ग्रहावर जो धुमाकूळ होतो, तो तिथे होत नाही. समाची मैत्रीण म्हणाली, "तिसरी जाऊ वेगळी राहते तेव्हा शांतताच असते. एका चुलीवर तिघी आल्या की बघ तुझं गणित." भाच्याने मान्य केलं की तीन वस्तूंच्या गणिताला सर्वसाधारण उत्तर नाही.

'प्रोजेक्ट हेल मेरी' सगळ्यांनी संपवलं, हे चांगलं लक्षण की वाईट, माझं अजून ठरत नाही. एकच चिठ्ठी सांगण्यासारखी, आमच्या पेटीवाल्या, म्हणजे हार्मोनियमच्या, सरांची. त्यातला परग्रहवासी सुरांत बोलतो, एका वेळी अनेक सूर लावून, आणि नायक संगणकावर ते सूर सुटे करून शब्दांची यादी करतो. सर तिथे थांबले, पेटी काढली, दोन-तीन पट्ट्या एकदम दाबून बघितल्या. "आपल्याकडे सूर एकामागून एक येतो. हा प्राणी माझ्याशी बोलला तर मला गोंगाट ऐकू येईल." पण पुन्हा उचललं, आणि रकान्यात त्या प्राण्याला 'गुणी' म्हटलंय. सर हा शब्द शिष्यांनासुद्धा देत नाहीत.

डिसेंबर. आत्याचा डावा डोळाही झाला, नवीन चष्मा आला, आता मला वाचू देत नाही. अर्थसीच्याच मालिकेतलं दुसरं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', तिने स्वतः घेतलं. यात एक लहान मुलगी देवळाला दिली जाते आणि विधी करून तिचं नाव काढून घेतलं जातं; पुढे सगळे तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. जादू जवळजवळ नाहीच, मला वाटलं होतं हे तिला कोरडं वाटेल.

काल चिठ्ठी पाहिली. आत्याचं स्वतःचं अक्षर, थोडं तिरकं. थांबलात ते पान: पहिलं प्रकरण. कारण: 'ताटातले तांदूळ.' तिसरा रकाना रिकामा आहे. पुस्तक तिच्या उशाशी आहे, त्यामुळे जानेवारीच्या पिशवीत ते नसेल. ज्यांनी नंबर लावलाय त्यांनी तोवर 'रामा' घ्या.